फोटो काळा? अपर्चर तपासा!

वटारच्या वाडीत हळद रंगलीय, मांडव दिव्यांनी उजळलाय, व्ह्यूफाइंडरमध्ये नवरी लख्ख दिसतेय; आणि स्क्रीनवर फोटो काळाकुट्ट! सेन्सर गेला म्हणून हाय खाऊ नका. आधी अपर्चरवर संशय घ्या.

हा बिघाड लपून राहतो, कारण डीएसएलआरमधून बघताना अपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं छिद्र, सताड उघडं असतं. बटण दाबलं की पात्या क्षणभर मिटतात, फोटो निघतो, पुन्हा उघडतात. एफ-८ सांगितलं आणि पात्या एफ-२२पर्यंत मिटल्या, तर प्रकाश उरतो एक-अष्टमांश. मिटल्याच नाहीत, तर नवरीचा शालू पांढराफटक.

पेंटॅक्सच्या के-३० (२०१२) आणि के-५० (२०१३) या मॉडेलांची काळ्या फोटोंची तक्रार तर जगभर गाजली. कारण केवढंसं! बॉडीतल्या इवल्याशा विद्युतचुंबकाचा दांडा चिकटतो, वेळेवर सुटत नाही. हौशी मंडळी बॉडी उघडून तो दांडा बारीक पॉलिश पेपरवर किंचित घासतात आणि कित्येक कॅमेरे पुन्हा कामाला लागतात. मात्र जपून! बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज दबा धरून असू शकतो.

कॅननची गोष्ट वेगळी. १९८७ पासून ईएफ लेन्समध्ये अपर्चरची मोटर लेन्सच्याच पोटात असते. सर्वात लहान एफ-आकड्यावर फोटो निघतो आणि एफ-८ला ‘एरर ०१’ येते? मग लेन्समधली नाजूक रिबन केबल तुटली असावी.

पात्यांना तेल अजिबात चालत नाही, त्या कोरड्याच चालतात. मे महिन्यात राजोडी किनाऱ्यावर बंद गाडीत लेन्स ठेवली, की फोकसचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि त्या सुस्तावतात.

पात्यांची तब्येत बघायला नाताळच्या दिव्यांच्या चांदण्या हमखास टिपा, अपर्चर बारीक करून. सात पात्यांची लेन्स दिव्याला १४ किरणं देते, आठ पात्यांची आठच! किरणं वेडीवाकडी आली तर एखादी पाती अडकलेली असू शकते.

दुरुस्तीसाठी लोकल पकडून फोर्टातला बोरा बाजार गाठणार असाल, तर आधी मित्राची लेन्स लावून बघा. दोष गेला तर लेन्स आजारी, राहिला तर बॉडी. तरी न्या दोन्ही, आणि काळे फोटो डिलीट न करता मेमरी कार्डही.