राखेचे हलके ब्लॉक आणि वीटभट्टीची माणसे



पाड्यावरच्या बालवाडीला लाल वीट वापरावी की राखेचे हलके ब्लॉक, असे काही देणगीदारांनी विचारले आहे. प्रश्न नुसता बांधकामाचा नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचे गवंडी या ब्लॉकला अजून ‘सिपोरेक्स’च म्हणतात. हे खरे तर फुगवलेले काँक्रीट. त्यात सर्वांत जास्त असते ती औष्णिक वीजकेंद्रातली उडती राख. आपल्या देशातल्या कोळशात 30 ते 40 टक्के राख असते, त्यामुळे डहाणू, एकलहरे, चंद्रपूर इथे तिचे ढीग साठतात. या राखेत चुना, सिमेंट, थोडे जिप्सम आणि पाणी मिसळतात व अगदी थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड टाकतात. पूड आणि चुना एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते. जरा आवळले की तारेने कापायचे आणि बंद टाकीत, दाबाखाली, सुमारे 180 ते 190 अंशांच्या वाफेत दहाबारा तास शिजवायचे. ही युक्ती 1920च्या दशकात स्वीडनच्या योहान अ‍ॅक्सेल एरिकसन यांनी शोधली.

साध्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो, या ब्लॉकचे 550 ते 650. दोन फूट लांब आणि आठ इंच उंच-रुंद असा एक ब्लॉक दहाबारा विटांची जागा घेतो, पण भरतो पंधरा किलोच्या आसपास. तेवढ्या विटा तीस किलोंच्या वर जातात. जिथे टेम्पो खालीच थांबतो आणि पुढची चढण बायका डोक्यावर ओझे घेऊन चढतात, तिथे हा फरक मानेला कळतो.

विटेसाठी शेतातली वरची सुपीक माती जाते, भट्टीला कोळसा लागतो, हे आपण जाणता. मला जास्त सलते ते दुसरे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर. हिशेबात उचल फिटत नाही, मग पुढल्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. तेवढे महिने मुलांची शाळा बुडते. निर्गमच्या पाचव्या अध्यायातल्या विटा मला इथे फार लांबच्या वाटत नाहीत.

मग ब्लॉक आले की प्रश्न सुटला? नाही. ब्लॉकचा कारखाना यंत्रांवर चालतो, त्याला माणसे थोडी लागतात. भट्टी थंडावली तर उचलीचा फास सुटेल, पण चूलही थंडावेल. म्हणून माझे मत असे: ब्लॉक जरूर घ्यावेत, पण त्याच गावात दिवाळीआधी रोजगार हमीचे काम मागणारे अर्ज भरून घ्यावेत. अर्ज तोंडी नको, लेखी हवा आणि त्याची पोच घ्यावी. ज्या मंडळ्या भिंतीसाठी देणगी देतात, त्यांनी या कामासाठी एक-दोन तरुणही द्यावेत.

बांधकामापुरत्या दोन गोष्टी. हा ब्लॉक पाणी शोषतो, तेव्हा कोकणच्या पावसात बाहेरून चांगले प्लास्टर हवेच, आणि जोते दगडाचेच ठेवावे. शिवाय तो विटेइतका भार पेलत नाही. स्लॅब टाकायचा असेल तर आरसीसीचे खांब आधी उभे करावेत.