दुपारचं पुस्तक आणि ग्रीसचं बेट

मैत्रिणींनो, जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, मुलं शाळेतून यायला अजून तासभर आहे. अशा वेळी उशीखालून एखादं पातळसं पुस्तक निघतं की नाही? मुखपृष्ठावर निळा समुद्र, पांढरी घरं आणि कपाळाला आठ्या घातलेला उंच, सावळा जहाजमालक. आत एक गरीब पण मानी इंग्रज मुलगी. दहाव्या पानावर भांडण, शेवटच्या पानावर लग्न!

वांद्र्यासारख्या उपनगरात ही 'मिल्स अँड बून'ची पुस्तकं वर्षानुवर्षं हातोहात फिरली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या छोट्या लायब्रऱ्या, रद्दीची दुकानं, लोकलचा लेडीज डबा, सगळीकडे ती दिसायची, बहुधा ब्राऊन पेपरच्या कव्हरात. लंडनची ही प्रकाशनसंस्था १९०८ सालची. १९७१ मध्ये ती कॅनडाच्या 'हार्लेक्विन'कडे गेली आणि २००८ मध्ये तिने भारतातच कारभार सुरू केला. आता त्या लायब्रऱ्या बहुतेक मिटल्या. तीच कथा मोबाइलवर वाचली जाते.

पण नायक ग्रीकच का, असं कधी मनात आलं का? १९६८ साली ओनासिस या ग्रीक जहाजमालकाने आपल्या स्कॉर्पिओस बेटावर जॅकेलीन केनेडीशी लग्न केलं, आणि असा धनाढ्य नवरा जगभरच्या बायकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. गंमत म्हणजे अशा कथा लिहिणारी व्हायोलेट विन्स्पिअर ही लोकप्रिय लेखिका परदेशी गेलीच नव्हती. तिने तिचे दूरदेश गावातल्या लायब्ररीतल्या पुस्तकांतून उभे केले! मग आपण वांद्र्यात बसून तिथे फिरून आलो तर काय बिघडलं? तसं आपलं वांद्रंही साष्टी बेटावरच आहे की!

तरी या वाचनाला घरात नावं ठेवली जातात. वडिलांच्या हातात बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा असली तर तो विरंगुळा. आईच्या हातात प्रेमकथा असली तर म्हणे डोकं बिघडतं! अहो, रहस्यकथा वाचून कोणी खून करत नाही आणि प्रेमकथा वाचून कोणी संसार टाकत नाही. दिवसभर सगळ्यांचं ऐकणाऱ्या बाईला तासभर स्वतःचा हवा असतो, एवढंच. तो चोरून घेऊ नका, सांगून घ्या.

मात्र एक गोष्ट डोळे उघडे ठेवून वाचा. या कथांतला, विशेषतः जुन्या कथांतला नायक मनगट पिरगाळतो, चारचौघांत अपमान करतो आणि शेवटी म्हणतो, "हे सारं प्रेमापोटीच!" पुस्तकात ते शोभतं, कारण शेवट गोड होणार हे आपल्याला ठाऊक असतं. घरात तशी हमी नसते. हात उगारणारा माणूस मनातून प्रेमळ असेल, या आशेवर वर्षं काढू नयेत. वयात आलेली मुलगी अशी पुस्तकं वाचत असेल तर ती हिसकावून घेऊ नका. तुम्हीही वाचा आणि दोघी मिळून त्या नायकाला चांगली नावं ठेवा!

आणि या कथांत सहसा न येणारं ग्रीस? तिथेही मुलीच्या बापाला हुंड्याची काळजी होतीच. तिथे हुंडा १९८३ च्या नव्या कुटुंब कायद्याने रद्द झाला. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तो पाळला किती गेला, हे तुम्ही जाणताच. पण एक रीत मात्र घेण्यासारखी आहे. एजियन समुद्रातल्या कित्येक बेटांवर घर मुलीला देण्याची परंपरा आहे. कार्पाथोस बेटावर तर आईची मिळकत थोरल्या मुलीकडे जायची. म्हणजे नवराच बायकोच्या घरी राहायला येणार!

तेव्हा पुस्तक मिटलं की घरात एक साधा प्रश्न विचारा: आपल्या फ्लॅटच्या कागदांवर माझं नाव आहे का? नवीन घर घेणार असाल तर हेही लक्षात ठेवा, की महाराष्ट्रात २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नोंदणीआधी नियम नीट विचारून घ्या.

जहाजमालक काही आपल्या दाराशी येणार नाही. पण दारावरच्या पाटीवर आणि आतल्या कागदावर आपलं नाव असणं, हे आपल्या हातातलं आहे, नाही का?