वीणेची तार आणि स्पीकरची तार

तंजावरच्या वीणेला सात तारा असतात. त्यांपैकी चार मेणात बसविलेल्या चोवीस पडद्यांवरून जातात. उरलेल्या तीन बाजूला, तालासाठी असतात. तारेची लांबी, जाडी व ताण यांवर स्वर ठरत असल्यामुळे वादक तारेविषयी चोखंदळ असतो आणि ते योग्यच होय. गफलत होते ती हाच चोखंदळपणा स्पीकरच्या तारेला लावला म्हणजे. वीणेची तार स्वतः कंप पावते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार मात्र केवळ वीज वाहून नेते, आणि तिच्याकडून मुख्य अपेक्षा एकच: वाटेत रोध कमी असावा. या कामासाठी विकल्या जाणाऱ्या भारी किमतीच्या तारा पाहिल्या म्हणजे हा साधा नियम किती सहज विसरला जातो, हे ध्यानात येते.

संगणक एकमेकांना जोडण्यासाठी वापरली जाणारी कॅट-५ जातीची नेटवर्क केबल येथे उपयोगी पडते. तिच्या वेष्टनात तांब्याच्या आठ तारा, पिळ घातलेल्या चार जोड्यांच्या रूपाने, असतात. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगीत व दुसरी त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी असते. एकेक तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असून तिचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम भरतो. एकटी ती अपुरी खरी. पण चारही रंगीत तारा एकत्र पिळून एका टोकाला आणि चारही पांढऱ्या दुसऱ्या टोकाला जोडल्या, की रोध एकचतुर्थांश, म्हणजे मीटरला ०.०२१ ओहम होतो.

आता हिशेब करू. स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे ०.२१ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे अडीच टक्क्यांच्या आसपास जाते. एवढा फरक कानाला कळत नाही. परंतु अंतर पंधरा मीटर आणि स्पीकर चार ओहमचा असेल, तर तारेचा रोध ०.६३ ओहम होऊन तेरा टक्क्यांहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. शिवाय स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. त्यामुळे आवाज केवळ घटत नाही, त्याचा तोलही बदलतो. अशा वेळी दोन केबली समांतर जोडाव्यात.

मग दहा केबली वेणीसारख्या गुंफल्या तर? तसे करणारे हौशी लोक आहेत. मात्र जोड्या वाढतात तशी तारांची विद्युत्-धारकता वाढते, आणि काही अ‍ॅम्प्लिफायर त्यामुळे अस्थिर होऊन तापतात. तेव्हा हव्यासाला आवर घातलेला बरा.

खरी खबरदारी खरेदीच्या वेळी घ्यावी लागते. स्वस्त केबलीत पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा केवळ मुलामा असतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो व वाकविल्यावर ती चटकन तुटते. पात्याने तार किंचित खरवडावी. आतून रुपेरी दिसली तर ती घेऊ नये.

टोकांवरील वेष्टन काढताना तांब्याला खाच पडू देऊ नये. चारही तारा घट्ट पिळून त्यांवर डाख द्यावा. मगच त्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडाव्यात. दोन टोके एकमेकांना चिकटलेली नाहीत, हे त्याआधी पाहावे, कारण तसे झाल्यास तारेचे काही बिघडत नाही, अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. उत्सवमंडपातील कर्ण्यांना बहुधा उच्च दाबाची जोडणी असते. तेथे, किंवा घरातील विजेच्या बटनाला, ही केबल कधीही लावू नये.