चुळबुळ्या मुलाची भूक



या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा मोठ्या विषयांची चर्चा होत असते. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच घरगुती आहे. ज्या मुलाला पाच मिनिटे एका जागी बसवत नाही, जे पलंगावरून उड्या मारते, येताजाता भिंतीवर आणि माणसांवर आदळते, सदऱ्याची कॉलर चघळून चिंध्या करते, त्या मुलास घरच्या घरी शांत कसे करता येईल, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना तो लहान वाटणार नाही. ‘द्वाड’, ‘माकड’, ‘वांड’ ही विशेषणे ऐकतच ते मूल वाढत असते, आणि ‘यांना मुलाला वळण लावता येत नाही’ हा शेजाऱ्यांचा अभिप्राय ऐकत त्याची आई दिवस काढीत असते.

आरंभीच एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलासाठी आमची एक ठरलेली शिक्षा असे. मधल्या सुट्टीत त्याने वर्गातच बसून राहावयाचे. हात उगारावा लागत नसे, म्हणून या शिक्षेचा आम्हांस थोडा अभिमानही होता. सुट्टीनंतरच्या तासांना ते मूल अधिकच बेफाम होई आणि आम्ही त्याला कोडगेपणा म्हणत असू. पुढे निवृत्त झाल्यावर आमच्याच घरात नातू तसा निघाला, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. भुकेने रडणाऱ्या मुलाचे रडे थांबावे म्हणून त्याच्यापुढचे ताट काढून घ्यावे, तसे आम्ही इतकी वर्षे करीत आलो होतो.

ही भूक कसली, हे प्रथम पाहू. ज्ञानेंद्रिये पाच, हे आपण लहानपणीच पाठ करतो. शरीरशास्त्र त्यांत आणखी भर घालते. आपल्या विषयाला त्यांपैकी दोन संवेदना महत्त्वाच्या आहेत. पहिली स्नायू आणि सांधे यांची. आपण दिवे गेल्यावरही घास बरोबर तोंडातच घालतो, नाकात घालीत नाही. हात कोठे आहे, कोपर किती वाकले आहे, जोर किती लागला आहे, याच्या बातम्या स्नायू, कंडरा आणि सांधे मेंदूकडे सतत पाठवीत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. आपण तिला स्नायुसंवेदना म्हणू. दुसरी संवेदना तोलाची. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. डोके वळले, झुकले, पुढे गेले की त्यांतून मेंदूस सूचना जाते. गरगर फिरून थांबल्यावरही जग फिरत राहते, कारण आपण थांबलो तरी नलिकांतील द्रव लगेच थांबत नाही.

या दोन संवेदनांचा मुलांच्या वागण्याशी आणि शिकण्याशी काय संबंध आहे, याचा पद्धतशीर विचार जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने केला. त्या व्यवसायोपचार या शास्त्रातल्या. या विषयावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ साली निघाला. हे शास्त्र आपल्याकडे परके नाही. कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० सालीच त्याचे शिक्षण सुरू केले होते. एअर्सबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की शरीराकडून आलेल्या बातम्या मेंदूत नीट जुळल्या म्हणजे मूल स्थिर होते, आणि त्या जुळणीत अडचण आली तर तिचा परिणाम वागण्यात दिसतो. पुढे १९९७ साली विनी डन या अभ्यासिकेने मुलामुलांतला फरक मांडला. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाने समजेल. कोणाला चिमूटभर मीठ पुरते, कोणाला तेवढ्याने आमटी अळणीच लागते. संवेदनेचेही तसेच आहे. काही मुले साध्या स्पर्शाने, आवाजाने दचकतात. काहींना नेहमीची हालचाल अळणी वाटते, म्हणून ती उठून आणखी मागत फिरतात. उडी मारणे, आदळणे, चावणे हे त्यांचे मागणे असते. त्यात आपला अपमान करण्याचा हेतू नसतो.

मग या मुलास नुसते मोकाट सोडले की काम झाले काय? नाही. आमच्या नातवाला आम्ही प्रथम तसेच सोडून पाहिले. अर्धा तास गरगर फिरून आणि किंचाळून तो अधिकच पेटला. उत्तर सापडले ते दिवाळीत. वाड्याच्या अंगणात पोरे किल्ला करीत होती. नातवाने दोन तास मातीची घमेली वाहिली, दगड रचले, चिखल तुडविला. संध्याकाळी तो आपण होऊन पाटावर बसला, जेवला, आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकून झोपला. थकला म्हणून झोपला, असे कोणी म्हणेल. पण धावून थकल्यावर तो चिडचिड करीत असे. किल्ल्याच्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जेवून तृप्त झालेल्या माणसाची शांती होती.

यातला भेद व्यवसायोपचाराचे तज्ज्ञ समजावून सांगतात. वेगाने आणि अनियमित गरगर फिरणे पुष्कळ मुलांना उत्तेजित करते. उलट ओढणे, ढकलणे, उचलणे, लोंबकळणे, तुडविणे, चावणे अशी जोर लागणारी कामे, सर्वांगावर पडणारा घट्ट दाब, आणि पुढेमागे होणारा संथ, एका लयीतला झोका पुष्कळांना निवविते. हे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. अंग दुखू लागले की आपण पाय चेपून घेतो. किरकिरणारे तान्हे दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घालतो.

पूर्वीच्या घरात असे जोराचे काम पदोपदी होते. आडाचे पाणी, जाते, पाटा-वरवटा, उखळ, चुलीची लाकडे. तो काळ परत यावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्या कामांनी बायकांच्या कंबरा मोडल्या. पण मिक्सर, नळ आणि लिफ्ट आल्यावर मोठ्यांचे कष्ट जसे वाचले, तसे मुलांच्या स्नायूंचे जेवणही आटले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते आता आपण मुद्दाम वाढावयास हवे, आणि जेवणाप्रमाणेच वेळेवर. मूल बेभान झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शाळेपूर्वी, शाळेतून आल्यावर, अभ्यासापूर्वी आणि निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ठरवून द्यावीत.

सकाळी शाळेला जाण्यापूर्वी पाच-सहा सूर्यनमस्कार, नाहीतर बेडूकउड्या. आपण मुलाचे पाय धरावेत आणि त्याने हातांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जावे. जिना असेल तर लिफ्ट सोडून जिन्याने उतरावे.

शाळेतून आल्यावर घरातले खरे काम द्यावे. अर्धी बादली पाणी कुंड्यांना घालणे, भाजीची पिशवी वर आणणे, सतरंजी झटकून गुंडाळणे, ओले टॉवेल पिळणे, फरशी हाताने पुसणे, कणीक मळणे. कणकेचा गोळा तर या मुलांचा मित्रच. तो हवा तितका दाबावा, बुकलावा, कोणी रागावत नाही. ओझे किती असावे? दप्तराविषयी केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. वाहून नेण्याच्या ओझ्यालाही तोच अंदाज ठेवावा. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. काम खरे असावे, हे मात्र महत्त्वाचे. दिवसभर ‘नको’, ‘थांब’, ‘पुरे’ एवढेच ऐकणाऱ्या मुलाला ‘तू होतास म्हणून झाले’ हे शब्द ऐकावयास मिळतात, आणि आमच्या मते निम्मा गुण त्या शब्दांचा असतो.

आपले देशी खेळही या कामी फार उपयोगी आहेत. फुगडीत दोघे एकमेकांचे हात ओढून मागे रेलतात, तेव्हा खांद्यांना ओढ आणि शरीराला तोल दोन्ही मिळते. लंगडीत एका पायावर सगळा भार येतो. दोरीची ओढाओढ, झाडाला लोंबकळणे, आखाड्यातला मल्लखांब यांत तर सर्वांगाचा जोर लागतो. गरगर फिरण्याची हौस असेल तर ती थोडक्यात भागवावी, दर थोड्या वेळाने थांबावे, दिशा बदलावी, आणि शेवटी काहीतरी जोराचे काम देऊन मगच घरात यावे.

अभ्यासाच्या वेळी तोंडाला आणि पायांना काम द्यावे. उसाचा करवा, गाजर, कडक भाकरी चावताना जबड्याला जोर पडतो. चिक्की व दाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलास देऊ नयेत, कारण ते घशात अडकण्याचे भय असते. लहान मुलास काहीही चावावयास दिल्यावर शेजारी बसावे. मुलाने पाढे उभ्याने, भिंत दोन्ही हातांनी ढकलीत म्हटले तर सरस्वती रुसत नाही.

रात्री धसमुसळा खेळ नको. झोपाळ्यावर संथ झोके, मग गोधडीची गुंडाळी. मुलाला गोधडीत सैलसर गुंडाळून हलक्या हाताने पाठ, खांदे, पाय दाबावेत. डोके नेहमी बाहेर हवे, मूल ‘पुरे’ म्हणताच सोडावे, आणि अशा अवस्थेत त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. झोपलेल्या लहान मुलावर वजनाचे पांघरूण घालू नये.

दोन पथ्ये आणखी आहेत. ही कामे शिक्षा म्हणून देऊ नयेत आणि शिक्षा म्हणून बंदही करू नयेत. दुसरे, प्रत्येक मूल वेगळे. झोक्याने एक निवते, दुसरे पेटते. म्हणून आठवडाभर एक वही ठेवावी. काय केले, आणि त्यानंतरचा तास कसा गेला, एवढ्या दोनच नोंदी. तुमच्या मुलाविषयी ती वही आमच्या व्याख्यानापेक्षा अधिक सांगेल.

आता आमच्या म्हणण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही औषधविक्या ठरू. एअर्सबाईंचा सिद्धांत सर्वमान्य झालेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली स्पष्ट सांगितले, की संवेदनांच्या गोंधळाला स्वतंत्र रोगाचे नाव देऊ नये, आणि अशा उपचारांचे पुरावे अपुरे आहेत. २०१३ च्या मनोविकारांच्या अमेरिकन सूचीत ही लक्षणे स्वमग्नतेच्या निकषांत आली, स्वतंत्र विकार म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या पद्धतीच्या खास उपचाराने नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ दिसला नाही. तेव्हा कणीक मळून स्वमग्नता जाईल, की गणित सुधारेल, असे कोणी सांगू लागल्यास त्यास दुरूनच नमस्कार करावा. आमचे म्हणणे मर्यादित आहे. मुलास हालचाल हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल सांगितली आहे. ती द्यावयाचीच आहे, तर ज्या रीतीने आपले मूल निवते त्या रीतीने द्यावी. यात पैसा लागत नाही, आणि काळजी घेतली तर अपाय नाही.

काही खुणा दिसल्यास मात्र घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. नावाने हाक मारूनही मूल पाहत नसेल, बोलणे मागे पडले असेल, येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, वारंवार पडत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, रात्री घोरत किंवा तळमळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि कानांची तपासणी अवश्य करावी. अपुरी झोप आणि कमी ऐकू येणे यांमुळेही मूल वर्गात द्वाड ठरते.

आमचा नातू आता दहा वर्षांचा आहे. चुळबुळ संपलेली नाही. पण मध्यंतरी तो आपण होऊन म्हणाला, “आजोबा, आज माझ्या अंगात फार येतंय, बादली देता का?” स्वतःची भूक ओळखून ती नीट शब्दांत मागणे, एवढे त्यास साधले. आमच्या वर्गात मधल्या सुट्टीला जी मुले बसून राहिली, त्यांना हे शब्द कोणी दिले नाहीत. ती मुले आज कदाचित या सभेत आईबाप म्हणून बसली असतील. त्यांची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. म्हणून एवढेच मागणे मागतो: आपले मूल उद्या पलंगावरून उडी मारील, तेव्हा त्यावर ओरडण्यापूर्वी त्याच्या हाती एक बादली देऊन पाहा.