मत्स्यटाकीचा लाकडी स्टँड : मजबूत की ताठ?

शाळेत माशांची काचेची टाकी आणायचे ठरले, की मासे कोणते घ्यायचे, हवेचा पंप कोणता, यावर भरपूर चर्चा होते. टाकी ठेवायची कशावर, हा प्रश्न शेवटी उरतो आणि बहुतेक वेळा एखादे जुने टेबल ओढून तो सोडवला जातो. घरी पहिली टाकी आणली तेव्हा मी निदान स्टँड तरी स्वतः बनवला होता. चांगले सागवान वापरले, स्क्रूंची कंजुषी केली नाही. तरीही तिसऱ्या आठवड्यात एका रात्री टाकीच्या तळाची काच तडकली. सकाळी मुलीबरोबर फरशीवरचे मेलेले मासे गोळा करावे लागले. स्टँड मात्र जसाच्या तसा उभा होता.

मग काच का तडकली? माझा स्टँड मजबूत होता, पण ताठ नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वस्तू किती भाराला मोडते, ते तिच्या मजबुतीवर ठरते. ठरावीक भाराखाली ती किती वाकते, ते तिच्या ताठपणावर. सायकलची ट्यूब मजबूत असते, पण ताठ नसते. खडू ताठ असतो, पण मजबूत नसतो. लाकूड थोडे वाकले तरी त्याचे काही बिघडत नाही. काच दाब सोसते, पण ताण पडला की तिच्यावरच्या बारीक ओरखड्यांपासून तडा सुरू होतो. म्हणून स्टँडचे खरे काम वजन पेलणे एवढेच नाही; ते पेलताना आपला आकार न बदलणे हे आहे.

वजन किती?

९० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच अशी टाकी घेऊ. पाणी ४० सें.मी.पर्यंत भरले तर १०८ लिटर. तळाच्या १५ किलो वाळूने सुमारे ६ लिटरची जागा घेतली, म्हणजे पाणी उरले १०२ किलो. ८ मि.मी. जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला २० किलो असते. पाचही बाजूंचे क्षेत्रफळ १.३५ चौ. मीटर, म्हणून काच २७ किलो. झाकण व इतर सामान धरून एकूण भार १५० किलोंच्या घरात जातो. पाचवीतली पाच मुले रात्रंदिवस त्या टेबलावर उभी आहेत, असे समजा. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

पाय पुरेत, पण सांधा?

५ × ५ सें.मी.चे चार पाय असतील, तर प्रत्येकावर ३७.५ किलो, म्हणजे दर चौ. सें.मी.ला दीड किलो भार आला. सागवान तंतूंच्या दिशेने याच्या कितीतरी पट भार सोसते. पाय चिरडण्याची भीती नाही. भीती आहे ती सांध्यांची. आडवी फळी पायाच्या बाजूला नुसत्या स्क्रूंनी लटकवली, तर सगळा भार त्या चार-सहा स्क्रूंवर येतो. त्याऐवजी फळी पायाच्या डोक्यावर बसवावी, म्हणजे भार लाकडातून लाकडात जात सरळ जमिनीत उतरतो. स्क्रूचे काम फळी जागेवर धरून ठेवणे, एवढेच राहते.

फळी आडवी की उभी?

दोन पुस्तकांवर फूटपट्टी आडवी ठेवून तिच्या मध्यावर दप्तर टेकवा, ती वाकेल. आता तीच पट्टी हाताने आधार देऊन कडेवर उभी करा. ती वाकलेली दिसणारही नाही. लाकूड तेच, भार तोच. फरक एवढाच, की ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, रुंदीच्या मात्र साध्या प्रमाणात. ७.५ × २.५ सें.मी.ची फळी आडवी न ठेवता उभी ठेवली, तर ती नऊ पट ताठ होते. आपल्या टाकीचा निम्मा भार सागवानाच्या अशा एका फळीवर घेतला, तर आडवी फळी मध्यभागी सुमारे ६ मि.मी. वाकेल, उभी फळी १ मि.मी.पेक्षाही कमी.

चौकोन आणि त्रिकोण

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन एक चौकोन आणि एक त्रिकोण करा. चौकोन दाबताच तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. स्टँडची प्रत्येक बाजू चौकोनच असते. मागच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी ठोका किंवा पूर्ण प्लायवूड बसवा, आणि दोन्ही कडांनाही तसेच करा. पुढची बाजू दारांसाठी मोकळी राहिली तरी चालेल. सांगाडा काटकोनात आहे का, हे कर्ण मोजून कळते. ९० × ३० सें.मी.च्या चौकटीचे दोन्ही कर्ण सुमारे ९४.९ सें.मी. भरले पाहिजेत. पायथागोरसचा इतका उपयुक्त उपयोग मुलांना सहसा भेटत नाही.

चौथा पाय

माझी चूक इथे झाली. तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतात, चौथ्याला ते भाग्य नसते. आमच्या शहाबादी फरशीवर स्टँडचा एक पाय चार मि.मी. अधांतरी होता. सांगाडा ताठ असता तर स्टँड डुगडुगला असता आणि मला वेळीच कळले असते. माझा लवचीक सांगाडा मात्र पाण्याच्या भाराने मुकाट्याने पिळला गेला, चौथा पाय टेकला, आणि तो पीळ वरच्या काचेला सोसावा लागला. म्हणून रिकामा स्टँड आधी डुगडुगतो का ते पाहावे, पायाखाली लाकडी पाचर द्यावी, आणि पाणसळीने वरची पातळी दोन्ही दिशांनी तपासावी. टाकीखाली १२ मि.मी. थर्मोकोल घातले, तर वाळूचा एखादा खडाही काचेला टोचत नाही.

शाळेत आणखी एक काळजी हवी. टाकीची वरची कड जमिनीपासून १०५ सें.मी. आणि स्टँडची रुंदी ३० सें.मी. असेल, तर त्या कडेला सुमारे २० किलोंचा आडवा जोर लागला की स्टँड कलंडू लागतो. मासे पाहायला झुंबड उडालेल्या मुलांना हा जोर सहज लागतो. त्यामुळे पायथा रुंद करावा आणि स्टँड लोखंडी एल-पट्ट्यांनी भिंतीला पक्का करावा. याला पर्याय नाही.

झाकण

झाकणामुळे धूळ आणि पाल आत पडत नाही, मासे बाहेर उडी मारत नाहीत, आणि दिव्याला आधार मिळतो. पण त्याच्या आतल्या बाजूला सतत वाफ जमते. लाकूड ओलाव्याने तंतूंना आडव्या दिशेने फुगते. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते कमी फुगते, मात्र चिकटद्रव्य पाण्यात टिकणारे हवे. आय.एस. ७१० असा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे, आणि कापलेल्या कडांसह आतबाहेर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत. बिजागऱ्या पितळी असाव्यात. पाण्याला हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातून मिळतो, म्हणून झाकणाच्या मागे दोन-तीन सें.मी. फट ठेवावी. दिवा एलईडीचा असावा आणि त्याच्याखाली काच असावी. वायर प्लगच्या पातळीखाली वळवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब खाली गळून जातात. जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय सर्वांनाच लावावी.

टाकी भरण्याआधी स्टँडवर पाण्याच्या बादल्या ठेवून पाहा. एका बादलीत १५ लिटर, अशा दहा बादल्या फळीवर मावतील तशा, दोन थरांत मध्ये फळी घालून रचा. पुढच्या फळीसमोर एक दोरा ताणून बांधा आणि फळी किती वाकली ते मुलांना मोजू द्या. भार एक दिवस तसाच ठेवून पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल आणि चारही पाय टेकलेले असतील, तरच टाकी वर चढवा. आमच्या दुसऱ्या स्टँडची ही मोजमापे माझ्या मुलीने घेतली होती. ती टाकी अजून शाबूत आहे.