रिव्हर्स पोर्ट फॉरवर्डिंग: फील्डवरच्या यंत्रापर्यंत सुरक्षित पोचायचं कसं?

समजा, ओढ्याकाठी ठेवलेला तुमचा रास्पबेरी पाय पाण्याची पातळी मोजतोय. इंटरनेट सिमकार्डवरचं. अचानक नोंदी यायच्या थांबल्या. लॅबमध्ये बसून त्यात लॉगिन कसं करणार? मोबाइल कंपन्या बहुतेक वेळा अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटून देतात. त्यामुळे बाहेरून यंत्राला हाक मारायला स्वतंत्र पत्ताच नसतो.

मग उलटं करायचं, हाक यंत्रानेच मारायची. ते लॅबच्या सर्व्हरशी एसएसएच कनेक्शन जोडतं आणि सांगतं, "तुझ्या २२२२ पोर्टवर जे येईल ते माझ्या २२ पोर्टवर पाठव." एसएसएच कमांडमधला कॅपिटल आर हा पर्याय हेच काम करतो. आता तुम्ही सर्व्हरवर लॉगिन करून त्याच्याच २२२२ पोर्टला जोडलंत, की थेट ओढ्याकाठी!

वाटेतला मजकूर एन्क्रिप्टेड असतो. एसएसएचचा जन्मच त्यासाठी झाला: हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर १९९५ मध्ये तातू यूलोनेन यांनी ते लिहिलं.

पण खरा धोका वाटेत नाही, टोकाला आहे. यंत्र उघड्यावर आहे आणि त्याला आपोआप जोडता यावं म्हणून त्यातल्या खासगी कीला पासफ्रेज नसतो. मेमरी कार्ड चोरीला गेलं तर लॅबची किल्लीच गेली. म्हणून एवढं कराच:

१. यंत्रासाठी सर्व्हरवर वेगळं खातं काढा. त्याला शेल देऊ नका.

२. त्या खात्यापुरतं 'अलाउ टीसीपी फॉरवर्डिंग' हे 'रिमोट' ठेवा आणि 'परमिट लिसन'मध्ये फक्त लोकलहोस्टचा २२२२ पोर्ट लिहा. नाहीतर चोर सर्व्हरमार्गे लॅबमधल्या इतर संगणकांकडे वळेल.

३. 'गेटवे पोर्ट्स' मुळात 'नो' असतं, ते तसंच राहू द्या. तरीही सर्व्हरवर खातं असलेला कोणीही २२२२ ला जोडू शकतो. म्हणून यंत्रावरचं पासवर्ड-लॉगिन बंद करा.

४. पहिल्या जोडणीत सर्व्हरचा फिंगरप्रिंट पडताळा. डोळे मिटून 'यस' नको.

५. रेंज जाणारच. यंत्रावर 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ३० आणि 'काउंट मॅक्स' ३ ठेवलंत, तर मेलेलं कनेक्शन साधारण दीड मिनिटात ओळखलं जातं. 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर'ला 'यस' द्या, आणि पुन्हा जोडायचं काम सिस्टिमडीवर सोपवा.

आधी संस्थेच्या आयटी विभागाची परवानगी घ्या. मग यंत्र फील्डवर नेण्यापूर्वी तासभर चोराची भूमिका करा: त्याची की वापरून सर्व्हरवर फाइल दिसते का, दुसरं पोर्ट उघडतं का, बघा. दोन्हींना नकार मिळायला हवा. कोणत्या यंत्राची सार्वजनिक की कोणती, हे लॅबच्या वहीत लिहून ठेवा. कार्ड हरवलंच, तर सर्व्हरवरची तेवढी एक ओळ पुसायची आणि चालू असलेलं कनेक्शन तोडायचं.