रानातील ध्वनिप्रयोग आणि संशोधकाची पूर्वतयारी

मुद्रित केलेला आवाज लपवलेल्या ध्वनिक्षेपकातून वन्य प्राण्यांना ऐकवून त्यांचा प्रतिसाद नोंदवण्याच्या पद्धतीला पुनर्वादन प्रयोग म्हणतात. केनियातील अंबोसेली येथे रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्व्हेट माकडांवर असे प्रयोग करून १९८० मध्ये दाखवून दिले की, बिबट्या आल्याचा इशारा देणारी माकडाची हाक ऐकताच माकडे झाडावर धावतात, गरुडाच्या इशाऱ्याने वर पाहतात किंवा झुडपात शिरतात आणि सापाच्या इशाऱ्याने गवतात निरखून पाहतात.

असा प्रयोग करू पाहणाऱ्या संशोधकाला प्रथम कळपातील प्रत्येक प्राणी चेहऱ्यावरून व खुणांवरून ओळखता यावा लागतो आणि प्राणीही माणसाच्या सान्निध्याला सरावलेले असावे लागतात. आवाजाची पातळी नैसर्गिक हाकेइतकी राखणे, तुलनेसाठी निरुपद्रवी असा नियंत्रण-ध्वनी ऐकवणे आणि चित्रफितीतील नोंदी कोणता आवाज वाजला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून करवून घेणे, ही शिस्त त्यानंतर अंगी बाणवावी लागते.

एकच मुद्रण वारंवार वाजवून मिळालेले प्रतिसाद स्वतंत्र पुरावे मानण्याच्या चुकीला आभासी पुनरावृत्ती म्हणतात. डोनाल्ड क्रूड्स्मा यांनी १९८९ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधल्यापासून अनेक प्राण्यांच्या आवाजांची मुद्रणे वापरण्यावर भर दिला जातो. दोन प्रयोगांत पुरेसे अंतर ठेवणेही अत्यावश्यक असते, कारण खोट्या इशाऱ्यांना सरावलेला प्राणी खऱ्या संकटातही गाफील राहू शकतो, आणि ज्ञानासाठी त्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही संशोधकाला नाही.